तापाच्या रुग्णाच्या अंगावरची खूण: बुलढाणा जिल्ह्यापुरता एक आढावा

पोळा होऊन गेला की बुलढाणा जिल्ह्यातल्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची गर्दी वाढते. सोयाबीन भरात आलेले असते, धुऱ्यावर गवत माजलेले असते आणि पाच-सहा दिवस न उतरलेला ताप घेऊन माणसे येतात. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, चिकुनगुनिया, लेप्टो यांतले नेमके काय, हे पहिल्या भेटीत सांगणे अवघड असते. अशा वेळी अंगावरची एखादी खूण डॉक्टरला वाट दाखवू शकते. ही खूण कोणती, ती किती जणांत सापडते आणि तिच्यावर किती विसंबावे, यावर गेली दोन दशके चर्चा चालू आहे. ती आज कुठे येऊन पोहोचली आहे, हे इथे मांडतो.

लाइमचे कडे आणि आपला जिल्हा

कीटक किंवा गोचीड चावून अंगावर उठणाऱ्या डागाची माहिती शोधायला गेले की सगळ्यात आधी लाइम आजार समोर येतो. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या लाइम गावाच्या परिसरात १९७५ च्या सुमारास अनेक मुलांचे सांधे सुजू लागले. आयांनी तक्रार लावून धरली म्हणून चौकशी झाली आणि १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांनी त्यामागचा जिवाणू दाखवून दिला. त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले: बोरेलिया बर्गडॉर्फेरी. गोचीड चावल्यानंतर ३ ते ३० दिवसांत चाव्याच्या जागी लाल चट्टा उठतो आणि दिवसागणिक पसरत पाच सेंटिमीटरहून मोठा होतो. तो फारसा खाजत नाही, दुखतही नाही. सोबत ताप, थकवा, डोकेदुखी, अंगदुखी असते. अमेरिकेत सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांत हा चट्टा दिसतो, पण चित्रांत असते तसे मध्ये लाल, मग फिके आणि बाहेर पुन्हा लाल कडे त्यांतल्या थोड्यांनाच असते. पुष्कळ रुग्णांत चट्टा एकसारखा लाल असतो. या पायरीवर रक्ताची तपासणी बहुधा निगेटिव्ह येते. म्हणून तिथले डॉक्टर चट्टा पाहूनच उपचार सुरू करतात.

भारतात लाइमचे तुरळक रुग्ण हिमाचल, हरियाणा, ईशान्येकडची राज्ये आणि दक्षिणेतल्या जंगलपट्ट्यांतून नोंदले गेले आहेत. तो पसरवणाऱ्या इक्सोडिस गोचिडींना थंड, ओलसर जंगल लागते. आपल्याकडे गुराढोरांच्या आणि कुत्र्यांच्या अंगावर सापडतात त्या मुख्यतः हायलोमा आणि ऱ्हिपिसेफॅलस. त्यामुळे मेहकर किंवा चिखलीच्या शेतमजुराला ताप आला तर लाइमचे कडे शोधत बसण्यात अर्थ नाही. अपवाद परदेशातून आलेल्यांचा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेटिकट हा लाइमचा मुख्य टापू आहे आणि तिथे मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडच्या बागेत किंवा जंगलवाटेवर गोचीड चावली आणि आठ दिवसांनी माणूस शेगावला दर्शनाला आला, तर चट्टा इथे उठू शकतो. डॉक्टरने प्रवास विचारला तरच हे उमगेल.

लाइमच्या अभ्यासातली एक गोष्ट मात्र आपल्याला थेट लागू पडते. पाठ्यपुस्तकांतली बहुतेक छायाचित्रे गोऱ्या कातडीची आहेत. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर हाच चट्टा जांभळट, करडा किंवा नुसताच गडद दिसतो आणि नजरेतून सुटतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय रुग्णांचे निदान उशिरा होते, हे तिथल्या अभ्यासांनी दाखवले आहे. ज्या जिल्ह्यात उन्हात राबणाऱ्या माणसांचीच कातडी तपासायची आहे, तिथे ही अडचण मोठी आहे.

इथले दोन ताप

विदर्भात लाइमची जागा दोन आजार घेतात. दोन्ही रिकेट्सिया गटातले आहेत, म्हणजे पेशीच्या आत शिरून वाढणाऱ्या जिवाणूंचे.

पहिला स्क्रब टायफस. तो ओरिएन्शिया सुत्सुगामुशी या जिवाणूमुळे होतो आणि चिगर नावाच्या माइटच्या अळीमार्फत पसरतो. ही अळी जेमतेम ०.२ मिलिमीटरची असते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चावते तेव्हा कळत नाही आणि दोन-चार दिवस अंगाला चिकटून राहून गळून पडते. जिवाणू माइटच्या एका पिढीतून पुढच्या पिढीत अंड्यांवाटे जातो, म्हणून एखाद्या धुऱ्यावर तो एकदा शिरला की टिकून राहतो. उंदीर-घुशी या माइटना पोसतात आणि इकडून तिकडे नेतात.

दुसरा इंडियन टिक टायफस, म्हणजे गोचिडीमुळे होणारा पुरळाचा ताप. त्याचा जिवाणू रिकेट्सिया कोनोरी आणि मुख्य वाहक कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड. जॉन मेगॉ या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या डॉक्टरला १९१७ मध्ये कुमाऊँच्या डोंगरांत गोचीड चावली, ते स्वतः आजारी पडले आणि त्यातूनच या तापाचे पहिले नेमके वर्णन झाले. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या पडबिद्री आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या गोचीडजन्य रिकेट्सिया तापांवर निबंध प्रसिद्ध केला.

स्क्रब टायफसने दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश आघाडीवरच्या हजारो सैनिकांना गाठले. १९४८ मध्ये क्वालालंपूरला क्लोरॅम्फेनिकॉलचा गुण सिद्ध झाला आणि पुढे टेट्रासायक्लिन गटातली औषधे आली. त्यानंतर बराच काळ भारतात हा आजार फारसा कुणी शोधला नाही. हिमाचल आणि वेल्लोर इथल्या डॉक्टरांनी तो नव्याने दाखवून दिला, गोरखपूरच्या मुलांमधल्या मेंदूज्वरामागे त्याचा मोठा वाटा असल्याचे सिद्ध झाले आणि मग लक्ष विदर्भाकडे वळले. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली, माणसे दगावली. २०२० च्या पावसाळ्यात, कोविडच्या धामधुमीत, खामगाव तालुक्यात त्याचे रुग्ण निघाले. त्या काळात प्रत्येक तापाकडे कोविड म्हणूनच पाहिले जात होते. तरीही खामगावात हे निदान झाले, याचे महत्त्व मला फार वाटते.

पुरळाच्या तापाची कथा आणखी जवळची. शेजारच्या अकोल्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि २०११ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये निदानासाठी एक गुणपद्धती मांडली. ती आज राठी-गुडमन-अघाई गुणपद्धती म्हणून ओळखली जाते. पश्चिम विदर्भातल्या एका रुग्णालयाच्या खाटांवरून निघालेले हे काम देशभर वापरले जाते, याची जाण आपल्या भागात असायला हवी.

खूण प्रत्यक्षात कशी दिसते

स्क्रब टायफसची खूण म्हणजे काळी खपली. डॉक्टर तिला एस्कार म्हणतात. चावलेल्या जागी आधी बारीक फोड येतो, तो फुटतो आणि मधला भाग काळा पडून सुकतो. कडेला लालसर घेर राहतो. आकार अर्धा ते दोन सेंटिमीटर. विडीचा चटका बसल्यासारखी ती दिसते. ती दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्ण तिच्याविषयी स्वतःहून बोलत नाही. ताप सुरू होतो तेव्हा ती बहुधा अंगावर असतेच.

अडचण तिच्या जागेची आहे. अळी जिथे कपडा अंगाला घट्ट बसतो आणि घाम साचतो तिथे चिकटते: काख, जांघ, स्तनांखाली, कमरेला परकराची नाडी किंवा पायजम्याचा नाडा आवळतो ती रेघ, कानामागे, गुडघ्यामागे, पुरुषांत अंडकोशावर. ओलसर जागी खपली सुकत नाही, निघून जाते आणि खाली पिवळसर तळाचा उथळ व्रण उरतो. काळ्या रंगाचीच वाट पाहणारा डॉक्टर तो सोडून देतो. अनुभवी डॉक्टर आधी गाठी चाचपतात. जांघेत एका बाजूची गाठ मोठी लागली, तर त्या पायावर किंवा कमरेखाली खपली असण्याचा संभव वाढतो.

बुलढाण्यात निंदणाचे काम बहुतांश बायका करतात. ओळीत बसून, लुगडे खोचून, तासन्‌तास गवतात. त्यांच्याच अंगावर खपली सापडायची शक्यता जास्त आणि त्यांचीच तपासणी सगळ्यात अपुरी होते. भरलेल्या ओपीडीत, पडदा नसलेल्या खोलीत, सोबत दीर किंवा सासरा असताना छातीखाली आणि जांघेत पाहणे होत नाही. डॉक्टर पुरुष असतील तर विषय तिथेच संपतो. परिचारिकेने किंवा आशाताईने आडोशाला नेऊन पाहिले तर तीच खपली सापडते. लहान मुलांच्या बाबतीत अंघोळ घालणारी आई किंवा आजी ही सगळ्यात चांगली तपासनीस असते, तिला फक्त काय पाहायचे हे सांगावे लागते.

पुरळाच्या तापाची खूण वेगळी. काळी खपली यात क्वचित. ताप आल्यावर ४८ ते ९६ तासांत अंगावर लाल ठिपके उठतात आणि तळहात-तळपायांवरही येतात. हे लक्षण फार मोलाचे आहे, कारण साध्या विषाणूजन्य पुरळात तळवे बहुधा मोकळे राहतात. पुढे ठिपके जांभळे होतात, रक्त साकळल्यासारखे दिसतात आणि उपचार लांबले तर बोटांची टोके, कानाची पाळी काळी पडते. डोळे लाल होतात पण चिकटत नाहीत, पायांवर सूज येते. घरात कुत्रा, गोठ्यात गोचिडी आणि मुलाच्या तळव्यांवर ठिपके असे जुळून आले की अकोला-खामगाव पट्ट्यातले जाणते बालरोगतज्ज्ञ आता थांबत नाहीत.

खुणेखेरीज सुरुवातीची लक्षणे दोन्हींत सारखीच: चढा ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ, स्क्रबमध्ये कोरडा खोकला. प्लेटलेट कमी होतात, म्हणून डेंग्यू समजला जातो. दुसऱ्या आठवड्यात फुप्फुसे, मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांवर आघात होतो. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित हिशोब केला तर स्क्रब टायफसच्या नोंदलेल्या रुग्णांपैकी साधारण सहा टक्के दगावले आहेत.

मतप्रवाह

पहिले मत खूण शोधण्यावर भर देणाऱ्यांचे. काळी खपली सापडली तर निदान जवळपास झालेच, त्यासाठी पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. शिवाय तिचा तुकडा पीसीआर तपासणीसाठी सगळ्यात चांगला नमुना असतो. या मताच्या विरोधातला मुद्दाही तितकाच खरा आहे. भारतातल्या निरनिराळ्या अभ्यासांत खपली सापडण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खालपासून नव्वदच्या वरपर्यंत आहे. एवढी तफावत आजाराच्या स्वभावापेक्षा तपासणाऱ्याच्या चिकाटीमुळे पडते असे काहींचे म्हणणे. जिवाणूच्या जाती आणि कातडीचा रंग यांमुळेही पडते असे इतरांचे. दोन्हींत तथ्य आहे.

दुसरे मत गुण मोजून ठरवण्याचे. राठी पद्धतीत एकूण ३५ गुण आहेत. २५ गुण विचारपूस आणि अंगतपासणीला: ग्रामीण वस्ती, घरातला प्राणी, गोचिडीचा संपर्क, प्रत्यक्ष चावा, पुरळाचा प्रकार, तो कधी उठला, तळव्यांवर आहे का, पायांची सूज, वाढलेले यकृत. १० गुण प्रयोगशाळेला: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, सीआरपी, अल्ब्युमिन, सोडियम वगैरे. १४ गुणांची मर्यादा धरली तर मूळ अभ्यासात संवेदनशीलता ९६ टक्क्यांच्या वर आणि विशिष्टता ९८ टक्क्यांच्या वर निघाली. पद्धत सोपी आहे आणि नवशिक्या डॉक्टरला काय विचारायचे हे शिकवते. तिच्या मर्यादा तिच्या जन्मातच आहेत. ती मुलांवरून बांधली, मोठ्या केंद्रात पाठवलेल्या रुग्णांवरून बांधली आणि पुरळाच्या तापासाठी बांधली. स्क्रबला किंवा प्रौढ शेतमजुराला ती जशीच्या तशी लागू होत नाही. पुरळ उठण्याआधी, तापाच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या मुलाला तिच्यात गुण कमीच पडणार.

तिसरे मत रक्ततपासणीशिवाय नाव घेऊ नये असे म्हणते. जुनी वेल-फेलिक्स चाचणी स्वस्त आहे, पण पुष्कळ रुग्ण तिच्यातून निसटतात. आयजीएम एलायझा बरी, मात्र ती तापाच्या पाचव्या-सातव्या दिवसानंतर विश्वासार्ह होते आणि जिथे आजार मुरलेला आहे तिथे जुन्या संसर्गाची प्रतिद्रव्ये महिनोन्‌महिने रक्तात राहतात. मग किती मूल्याला पॉझिटिव्ह म्हणायचे, हा वाद उरतो. पीसीआर पहिल्या आठवड्यात उपयोगी, पण नमुना मोठ्या केंद्रात पाठवावा लागतो. गावपातळीवर प्रत्यक्षात होते ती विडाल. ती पुष्कळदा उगाच पॉझिटिव्ह येते, रुग्णाला टायफॉइड सांगितला जातो आणि सेफ्ट्रायॅक्सोन किंवा सेफिक्झिम सुरू होते. या गटातली औषधे रिकेट्सियावर चालत नाहीत. चार-पाच दिवस वाया जातात आणि नेमके तेच दिवस महत्त्वाचे असतात.

चौथे मत थेट औषध सुरू करण्याचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच दिवस किंवा अधिक काळ कारण न सापडलेला ताप असेल, तर खपली असो वा नसो, संशय धरावा; खपली दिसली तर पाच दिवसही थांबू नये. संशय आला की अहवालाची वाट न पाहता डॉक्सीसायक्लिन द्यावे. गोरखपूर भागात मुलांसाठी हेच धोरण प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्यात आले. औषध स्वस्त आहे, लेप्टोवरही चालते आणि स्क्रबमध्ये बहुधा ४८ तासांत ताप उतरतो, त्यामुळे तो उतरणे हाच निदानाचा एक पुरावा ठरतो. प्रतिवाद दोन. एक, सरसकट दिले तर डेंग्यू-मलेरियाकडे दुर्लक्ष होईल. दोन, डॉक्सीसायक्लिनऐवजी अझिथ्रोमायसिन सर्रास वापरले तर टायफॉइडमध्ये त्याचा गुण कमी होत जाईल. आठ वर्षांखालच्या मुलांचे दात डॉक्सीसायक्लिनने पिवळे पडतात ही भीती मात्र आता मागे पडली आहे; थोड्या दिवसांच्या उपचाराने तसे होत नाही, हे अभ्यासांतून दिसले आहे. गरोदर स्त्रीला अझिथ्रोमायसिन, याबद्दल एकवाक्यता आहे.

माझे स्वतःचे मत पहिल्या आणि चौथ्या प्रवाहाच्या मधले आहे. पावसाळ्यानंतरच्या तापात अंग पूर्ण पाहावे, खपली किंवा तळव्यांवरचे ठिपके सापडले तर तिथेच औषध द्यावे. सापडले नाहीत म्हणून हा आजार नाही असे मात्र कधीही म्हणू नये. मलेरिया आणि डेंग्यूची तपासणी करून पाचव्या दिवशी डॉक्सीसायक्लिन देण्यात मला धोका कमी आणि लाभ जास्त दिसतो. ज्यांच्या मते आधी तपासणीची सोय उभी करावी, त्यांचे म्हणणे मी नाकारत नाही. बुलढाण्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले आहे. एलायझा आणि पीसीआरची नियमित सोय तिथे रुजली तर हा वाद पुष्कळ मवाळ होईल.

गंभीर रुग्णाचे काय

या एका प्रश्नाचा निकाल अलीकडे बऱ्यापैकी लागला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने भारतातल्या सात केंद्रांत तीव्र स्क्रब टायफसच्या ७९४ रुग्णांवर चाचणी झाली आणि २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तिचे निष्कर्ष आले. शिरेवाटे डॉक्सीसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही मिळून दिले, तर एकट्या कुठल्याही औषधापेक्षा परिणाम चांगला येतो. मात्र ही चाचणी रुग्णालयात पोहोचलेल्या गंभीर रुग्णांची होती. साध्या तापात दोन्ही औषधे मिळून द्यावीत असा तिचा अर्थ होत नाही.

मोकळे राहिलेले प्रश्न

कोणत्या तापाचा वाटा किती, हा पहिला. सातपुड्याच्या कुशीतले संग्रामपूर-जळगाव जामोद, पूर्णेचे खोरे, ज्ञानगंगा अभयारण्याभोवतीची गावे आणि लोणार-सिंदखेडराजाचे पठार या चार ठिकाणची माती, पाऊस आणि गुरे वेगवेगळी आहेत. सगळीकडे एकच आजार सारख्या प्रमाणात असेल असे मानायला आधार नाही. उंदरांच्या कानांतले माइट आणि कुत्र्या-गुरांच्या अंगावरच्या गोचिडी तालुकावार तपासल्या तरच ते कळेल, आणि त्यासाठी आरोग्य व पशुसंवर्धन या दोन खात्यांना एकत्र काम करावे लागेल.

दुसरा प्रश्न प्रशिक्षणाचा. सावळ्या कातडीवरची खपली, ओल्या जागेतला काळेपणा नसलेला व्रण, तळव्यांवरचे फिके ठिपके यांची इथल्याच रुग्णांची, त्यांच्या संमतीने घेतलेली छायाचित्रे आशा आणि परिचारिकांच्या हाती असली, तर खपली सापडण्याचे प्रमाण किती वाढेल? हे मोजता येण्यासारखे आहे आणि खर्चही फार नाही.

तिसरा, प्रतिबंधाचा. धुरे साफ ठेवणे, गवतात थेट न बसणे, शेतातून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलणे, उंदीर आवरणे हे सगळे सुचवले जाते. मजुरीवर जाणाऱ्या बाईला धुरा कुणाचा आणि तो साफ कुणी करायचा, हे ठरवता येत नाही. तिच्या हाती उरते ती अंघोळ आणि कपडे. गोचीड निघाली तर ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल ओतणे, काडी लावणे, नखाने चिरडणे टाळावे, कारण चिरडलेल्या गोचिडीतला द्रव बोटाच्या चिरेतून किंवा डोळ्यातून आत जाऊ शकतो. गुरांच्या गोचिडी हाताने वेचून दगडावर ठेचायची सवय गावोगाव आहे आणि तिच्यामुळे किती जणांना ताप येतो, हा अभ्यासाचा विषय आहे. स्क्रब टायफसवर लस नाही. जिवाणूच्या जाती इतक्या भिन्न आहेत की एकीविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसरीला फार काळ अडवत नाही, म्हणून एकदा झालेला माणूस पुन्हा आजारी पडू शकतो.

शेवटचा प्रश्न सिंधुदुर्गाकडे पाहून सुचतो. दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून गोचिडीमुळेच होणारा माकडताप आढळतो आहे. तो विषाणूचा आहे, डॉक्सीसायक्लिन त्यावर चालत नाही. जंगल आणि गुरे यांच्या सीमेवरच्या तापाला सरसकट एकच औषध देण्याचे धोरण राज्यभर कसे राबवायचे, की प्रत्येक जिल्ह्याने आपल्या नोंदींवरून ते वेगळे ठरवायचे, यावर आरोग्य खात्यात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत अजून दोन्ही बाजूंनी बोलले जाते.